चहा मी टाकते, तुम्ही बसा

पारगावच्या पुलाच्या अलीकडे आमची एसटी पुन्हा उसाच्या ट्रॉलीमागे अडकली आहे. पुढे ट्रॅक्टर, त्याला एकामागे एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला ऊस, आणि ट्रॅक्टरवाल्याने गाणी एवढ्या मोठ्याने लावलेली की आमच्या ड्रायव्हरचा हॉर्न त्याच्या कानापर्यंत पोचण्याची आशाच नको. नदीच्या बाजूने कुठल्यातरी गुऱ्हाळाचा वास येतोय. शेजारच्या बाईने काच सरकवली, डोळे मिटून भरपूर वास घेतला आणि म्हणाली, "ताज्या गुळाचा हाय. हंगाम सुरू झाला बगा." मी नुसती मान हलवली. ह्या वासाने लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. मला एक जुना हंगाम आठवतो.

मांडीवर पिशवी आहे आणि पिशवीत मोठं पातेलं. सकाळी अक्काचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, फोन आला. "शशे, तुझं ते मोठं पातेलं घिऊन ये. मंगलवहिनींच्या मालकांना घरी आणलंय." एवढंच बोलून तिने फोन ठेवला. मंगलवहिनी म्हणजे खुटबावला अक्काच्या समोरच्या घरातल्या. दवाखान्यातून माणूस बरा होऊन येतो तेव्हा आपण "सोडलं" म्हणतो. "घरी आणलं" म्हणतो तेव्हा डॉक्टरांनी हात टेकलेले असतात. मी पुढे काही विचारलं नाही. पातेलं पुसलं, पिशवीत घातलं आणि शिरूरचा स्टँड गाठला.

असाच हंगाम होता तो. अक्काचे यजमान, आमचे दाजी, ह्याच रस्त्यावर जन्मभर एसटी चालवत होते. शिरूर ते दौंड, दौंड ते शिरूर. न्हावऱ्याच्या कुठल्या वळणावर म्हशी बसतात आणि कुठल्या फाट्यावरची म्हातारी हात न दाखवताच गाडी थांबेल असं धरून चालते, हे सगळं त्यांना पाठ. खाकी कपड्यांना कडक इस्त्री लागायची. शर्टाचं एखादं बटण तुटलेलं असलं तर ते लागल्याशिवाय घराबाहेर पडायचे नाहीत, मग डेपोतून कितीही फोन येवोत. आम्ही शिरूरचे ख्रिस्ती. आमची नात्यागोत्यातली माणसं शिरूरला नाहीतर केडगावला चर्चच्या आसपास राहणारी. दाजींनी मात्र रिटायर झाल्यावर खुटबावला, चारही बाजूंनी ऊस असलेल्या जागेत घर बांधलं. "गर्दी लई वाहिली," म्हणायचे, "आता मोकळं बसू दे." आणि मग ते आजारी पडले आणि त्यांनी वाहिलेली सगळी गर्दी त्यांच्या दारात आली.

पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी अमोलला, त्यांच्या मुलाला, बाजूला घेऊन सांगितलं की आता घरी न्या, दुखणार नाही एवढं बघा, आणि त्यांना आवडेल ते करा. अमोल कोरेगाव भीमाच्या एका कंपनीत कामाला. मशीन बंद पडलं तर कुणाला कधी कळवायचं ह्याचे तिथे नियम असतात. बाप चालला तर कुणाला कळवायचं, हे त्याने दवाखान्याच्या जिन्यातच ठरवून टाकलं. सगळ्यांना सांगायचं, पप्पांना नाही. दाजींना सांगितलं, पोटात सूज आहे, औषधाने उतरेल. आजाराचं नाव घरात कुणी घेतलं नाही. "ते दुखणं" एवढंच म्हणायचे सगळे, आणि तेही भांड्यांच्या आवाजात.

हे आपल्याकडचं मोठं अजब आहे. गावाला कळतं, दूधवाल्याला कळतं, मी ज्या एसटीने जायचे तिच्या कंडक्टरला कळतं. तो तिकीट फाडता फाडता हळूच विचारायचा, "ड्रायवरसायेब कसं हायेत?" मी म्हणायचे, "बरे आहेत." तो म्हणायचा, "आता काय बरं व्हायचं, मॅडम." म्हणजे अख्ख्या रूटला माहीत. फक्त ज्याचं मरण आहे त्याला त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही. सांगितलं तर तो हाय खाईल, म्हणे. न सांगता तो काय खात होता? दोन चमचे पेज, तीही अर्धी उशीवर.

मी तेव्हा शिरूरच्या शाळेत शिकवत होते. शनिवारी दुपारी निघायचे, मध्ये एखादी रजा टाकून जायचे, आणि सगळा रस्ता जीव टांगणीला. भीती दोन गोष्टींची होती. एक तर उघडच होती. दुसरी मला घरात पाऊल टाकल्यावर कळली, आणि ती पहिलीपेक्षा जास्त छळायला लागली: दाजी जातील आणि अक्का तेव्हा स्वयंपाकघरात चहा गाळत असेल.

कारण भेटायला येणारी माणसं. कासुर्डीपासून दौंडपर्यंतची. डेपोतले जुने सोबती, चर्चच्या मंडळीतले लोक, उसाच्या शेतातून तशीच चिखलाच्या पायांनी आलेली माणसं, आणि प्रत्येकाच्या हातात शहाळं नाहीतर बिस्किटाचा पुडा, जणू घरात बारसं आहे. पलंगाजवळ एकच खुर्ची होती. आलेला माणूस तिच्यावर बसायचा, दाजींच्या तोंडावर वाकायचा आणि विचारायचा, "वळखलं का मला?" हा प्रश्न आजाऱ्याला विचारायची कुणाला काय हौस असते देव जाणे. दाजी थकलेल्या आवाजात म्हणायचे, "वळखलं की. न्हावऱ्याला सुट्ट्या पैशावरनं भांडणारा तूच न्हवं?" सगळे हसायचे. मग पाळकसाहेबांबरोबर मंडळीतले लोक आले की प्रार्थना व्हायची, मोठमोठ्याने बरं होण्यासाठीची, आणि दाजी डोळे मिटून शेवटी आमेन म्हणायचे. आणि मग चहा. आपल्याकडे आजाऱ्याच्या घरून माणूस बिनचहाचा जात नाही. आजाऱ्याच्या घरूनच काय, मयताच्या घरूनही लोक उठताना आत बघतात.

गॅसपाशी अक्का. सकाळी चूळ भरून उभी राहायची ती अंधार पडेपर्यंत. पदर खोचलेला, केसांना तेल नाही, एका हातात सांडशी. एक पातेलं उतरेपर्यंत दारात पुढची चप्पल वाजलेली असायची. स्वयंपाकघराच्या दारातून पलंगावरचे दाजींचे फक्त पाय दिसत, पायावर निळी चादर. तेवढेच ती बघायची. मध्येच दाजी हाक मारत, "अगं." ती म्हणायची, "आले." आणि साखरेचा डबा उघडायची.

जाणारा प्रत्येक माणूस दाराशी थांबून तिला म्हणायचा, "काही लागलं तर सांगा हं." मला ह्या वाक्याची आता चीड आहे. तिला काय लागतं ते तिला ठाऊक असतं तर तिने सांगितलं नसतं का? जिला धड बसायला मिळत नाही तिने बसून यादी करायची, मग आठवून आठवून फोन करायचा, आणि आपण काम करणार. आजाऱ्याला भेटायला शंभर जण येतात. आजाऱ्याच्या बायकोला भेटायला कुणी आलेलं मी पाहिलं नाही. तिच्यासाठी कुणी शहाळं आणत नाही.

एका रविवारी मी गॅस बंद केला. तेव्हा दौंडच्या आत्या, म्हणजे दाजींची मोठी बहीण, बाहेर बसल्या होत्या आणि त्यांनी तिसऱ्यांदा आत आवाज दिला होता, "चार कप वाढीव टाका गं, पावणं आल्यात." मी शेगडीचं बटण फिरवलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "आजपासून ह्या घरात चहा मिळणार नाही. भेटा आणि जा." पाहुण्यांनी टोप्या सारख्या केल्या. आत्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"माझ्या भावाच्या दारातनं माणूस बिनचहाचा जाणार? असं ह्या घरात कवा झालं न्हाई."

"ह्या घरात माणूस मरायलाही कधी टेकलं नव्हतं," मी म्हणाले. आवाज चढला होता. आत दाजींना ऐकू गेलं असेल म्हणून मी जीभ चावली.

आमची दोघींची जुंपणार एवढ्यात समोरून मंगलवहिनी आल्या. दूध द्यायला आल्या होत्या. हातात चरवी तशीच. दारात उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं, आत गेल्या आणि अक्काचं पातेलं, गाळणं, कप, सगळं ट्रेमध्ये भरून बाहेर आल्या. "आत्याबाई, बिनचहाचं कुणी जाणार न्हाई," त्या म्हणाल्या. "चहा माझ्या वट्यावर. आधी तिथं बसायचं, चहा घ्यायचा, मग दोघं-दोघं आत जाऊन यायचं. आन् 'वळखलं का' कुणी इचारायचं न्हाई. त्यांना समदी वळखू येत्यात." अक्काला "काही लागलं तर सांगा" असं त्या कधी म्हणाल्या नव्हत्या. त्या पातेलंच घेऊन गेल्या.

त्यांच्या मालकांचं स्वतःचं गुऱ्हाळ होतं, त्यामुळे वट्यावर चहा गुळाचा. पहिल्या दिवशी दूध फाटलं, कारण उत्साहाने मी गूळ आधी टाकला. दुसऱ्या दिवसापासून वहिनींनी मला फक्त कप विसळायला ठेवलं. दौंडच्या आत्या दोन दिवस फुगून बसल्या. तिसऱ्या दिवशी वट्यावर आल्या, एक कप प्यायल्या, "गूळ जास्त झालाय" म्हणाल्या आणि मग किटली हातात घेऊन स्वतःच पाहुण्यांना ओतायला लागल्या. गूळ कमी झाल्याचं मला काही दिसलं नाही.

मला वाटलं, जिंकलो. आता अक्का दाजींजवळ बसेल.

पुढच्या शनिवारी गेले तर अक्का मागच्या दारी दगडावर चादरी आपटत होती. दुपारी बघितलं तर फडताळातले डबे काढून पुसत होती. मग औषधाच्या बाटल्या ओळीत लावल्या, त्या पुन्हा मोडून दुसऱ्या ओळीत लावल्या. आत दाजी एकटे. अंगावर पिवळटपणा चढलेला, डोळे दाराकडे. मी गेले तर क्षीण हसून म्हणाले, "तुझी अक्का कुठं हाय? गाडी सुटंल म्हणावं." मी चेष्टेवारी नेलं. अमोलच्या ओळखीचे केडगावचे डॉक्टर एक दिवसाआड येऊन इंजेक्शन देऊन जात. त्या दिवशी जाताना त्यांनी चप्पल घालता घालता मला सांगितलं की आता झोप वाढत जाईल. बोलायचं असेल ते बोलून घ्या.

मी तशीच मागच्या दारी गेले. अक्का नळाखाली बादली धुवत होती. बादली स्वच्छ होती.

"आता काय कारण आहे तुझं?" मी म्हणाले. "चहा गेला, पाहुणे गेले. आत जाऊन बस ना."

तिने नळ बंद केला नाही. पाण्याच्या आवाजातच म्हणाली, "बसले की ते इचारत्यात."

"काय?"

"खरं सांग म्हणत्यात. डॉक्टर काय म्हटला, खरं सांग. अमोलनं मला गळ्याची शपथ घातलीया, शशे. आन् मला खोटं बोलता येत न्हाई त्यांच्यापुढं. तोंडावर दिसतं माझ्या. त्यांना एका नजरंत कळंल. मग हाय खाऊन ते आजच गेले तर? लोक म्हणतील हिनंच मारला." बादली भरून वाहायला लागली होती. "गॅसपाशी उभं ऱ्हायलं की तोंड दिसत न्हाई. पाठ दिसती."

इतके दिवस मी पाहुण्यांवर, आत्यांवर, चहावर तोंडसुख घेत होते, आणि चहा तर तिचा आडोसा होता. आम्ही दोघींनी, मी आणि मंगलवहिनींनी, मोठ्या प्रेमाने तिचा आडोसा काढून घेतला होता. आता तिला लपायला चादरी आणि बादल्या उरल्या होत्या आणि दाजींची झोप रोज थोडी वाढत होती. अमोलशी बोलून बघितलं. "मावशी, प्लीज," तो म्हणाला, "पप्पांची उमेद तोडू नका." त्याचे डोळे शिफ्टने लाल झाले होते. त्यालाही कुणी विचारलं नव्हतं तो कसा आहे म्हणून.

उमेदीसाठीच त्याने आणखी एक गोष्ट केली. नाताळ जवळ आला होता. आमच्यात नाताळाला सगळ्यांना नवे कपडे होतात. गरिबातला गरीबही पोराला नवा सदरा घालून उपासनेला आणतो. अमोलने पप्पांसाठी पांढऱ्या शर्टाचं कापड आणलं आणि पलंगाशी उभं राहून मोठ्या आवाजात सांगितलं, "पप्पा, पंचवीस तारखेला शिरूरच्या चर्चला जायचंय आपल्याला, हा शर्ट घालून." दाजी कापडाकडे बघत राहिले. केडगावचा टेलर, ज्याने त्यांचे सगळे कपडे शिवले होते, भेटायला म्हणून आला. त्याने टेप बाहेर काढलीच नाही. बाहेर आल्यावर अक्काला विचारलं, "माप कुठलं धरू?" अक्का म्हणाली, "जुनंच धरा. अंगावर चढंल थोडं." टेलर खाली बघून हो म्हणाला. ही चूक आम्हा सगळ्यांची होती, आणि ती शिवून, इस्त्री करून, पिशवीत घालून घरी आली.

शर्ट आला तो दिवस माझ्या रजेचा. अमोल पहिल्या शिफ्टला गेलेला, आत्या समोर वट्यावर. दाजी त्या सकाळी चांगले जागे होते. "घालून बघू," म्हणाले. आम्ही दोघींनी त्यांना उशांवर टेकवून बसवलं आणि एकेक हात बाहीत घातला. अक्का पुढची बटणं लावायला लागली. मला तिथून निघून जावंसं वाटलं. कॉलरच्या आत त्यांची मान कुठेच टेकत नव्हती. खांद्याची शिवण दंडावर आली होती. छातीवर एवढं कापड उरलं होतं की अक्काच्या मुठीत मावत नव्हतं.

दाजींनी मान खाली घालून स्वतःकडे बघितलं.

"कुणाचा शर्ट हाय ह्यो?"

"तुमचा," अक्का म्हणाली. "नाताळाचा."

"मग मापानं का न्हाई शिवला?"

बाहेर रस्त्याने उसाची ट्रॉली गाणी वाजवत चालली होती, ती संपता संपेना.

"का? मी पुन्हा भरणार हाय व्हय ह्यात?"

अक्काची बोटं तिसऱ्या बटणावर होती. तिथून ती हलली नाहीत. मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मला कळलं की आता ती पाठ फिरवू शकत नाही. ती त्यांच्या इतकी जवळ होती की फिरवायला जागाच नव्हती.

"न्हाई," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "न्हाई भरणार. डॉक्टरनं घरी न्या म्हणून सांगितलंय. औषध न्हाई म्हटला. मला म्हाईत हुतं आन् म्या सांगितलं न्हाई तुम्हास्नी."

दाजींनी डोळे मिटले. मी पलंगाचा कठडा धरला. हाय खातील, आत्ताच जातील, सगळे म्हणत होते ते खरं होणार, असं वाटलं. दाजींनी डोळे उघडले तेव्हा ते माझ्याकडे नाही, अक्काकडे बघत होते.

"आन् हे वझं घिऊन तू तिथं गॅसपाशी एकटी उभी हुतीस व्हय?" ते म्हणाले. "बस. बस हितं."

ती खुर्चीवर नाही, पलंगावरच बसली. त्यांचा हात हातात घेऊन अशी रडली, की आमची आई गेली तेव्हाही ती तशी रडली नव्हती. दाजी तिच्या पाठीवरून हात फिरवायचा प्रयत्न करत होते, शर्टाची बाही बोटांवर येत होती. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मापात घे. सारी जिंदगी इस्तरी मारून गाडीवर चढलोय. पेटीत ढगळ्या शर्टात झोपवू नका मला." आणि हसले. आम्हीही हसलो, नाकडोळे पुसत. कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल, पण त्या घरात कितीतरी दिवसांनी खरं हसू आलं होतं.

त्यांना आधी माहीत होतं का? मी अजून विचार करते. मला वाटतं, अर्धं माहीत होतं, आणि उरलेलं अर्धं त्यांना तिच्याच तोंडून हवं होतं.

अमोल संध्याकाळी आला आणि कळल्यावर आईवर खवळला. दाजींनी त्याला आत बोलावून घेतलं. काय बोलले ते मी ऐकलं नाही. बाहेर आल्यावर तो वट्यावर जाऊन बसला, मंगलवहिनींनी दिलेला चहा हातात थंड होऊ दिला आणि मग म्हणाला, "मावशी, पप्पा म्हणाले, आता तरी झोप नीट." त्यानंतर तो पलंगाशी यायचा तेव्हा मोठ्या आवाजात बोलायचा नाही. पाय चेपत गप्प बसायचा.

आणि अक्का बसली. नुसतं बसणं तिला कधी जमलं नव्हतं, पण आता तिच्या हाताला काम होतं. शर्टाच्या सगळ्या शिवणी तिने उसवल्या, आणि पलंगावर त्यांच्या कमरेशी टेकून, एकेक टाका हाताने घालत, ती तो शर्ट लहान करत गेली. दाजी झोपायचे, जागे व्हायचे, ती तिथेच असायची. मी दार ओढून घ्यायचे. आतून कधी बारीक बोलणं यायचं, कधी काहीच नाही, आणि एकदा दोघांचं हसणं आलं, तेव्हा वट्यावर किटली घेऊन उभ्या असलेल्या आत्या थबकल्या. कान तिकडे लावून म्हणाल्या, "असं हसताना मी त्यांना कवा ऐकलंच न्हवतं बाई." मग पाहुण्यांना दटावलं, "थांबा जरा. घाई काय हाय?"

नाताळाच्या आधीच्या आठवड्यात, शाळेत असतानाच, मंगलवहिनींचा फोन आला. "या," एवढंच म्हणाल्या. मी ज्या गाडीत चढले ती ह्याच पुलाच्या अलीकडे, अशीच उसाच्या ट्रॉलीमागे अडकली. हॉर्न, गाणी, धूळ, गुळाचा वास. कंडक्टरने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता दार उघडून खाली उडी टाकली. चालत्या ट्रॅक्टरच्या कडेने पळत गेला आणि हात वर करून ओरडायला लागला, "अरे साईड दे, जाधव ड्रायवरच्या घरचं माणूस हाय गाडीत!" गाणी बंद झाली. ट्रॅक्टर कडेला शेतात उतरला, एक ट्रॉली कलंडता कलंडता राहिली. गाडीतली माणसं ड्रायव्हरला म्हणायला लागली, "आमचं ऱ्हाऊ द्या, मधी थांबवू नका." मी त्या अनोळखी माणसांचे चेहरे आजही विसरलेले नाही.

तरी उशीर झालाच. मंगलवहिनींच्या वट्यावर पातेल्यावर झाकण होतं. त्या शेजारी बसल्या होत्या, हात मोकळे. मला बघून उठल्या नाहीत, म्हणून मला कळलं.

आत अक्का पलंगावर तिच्या जागेवर होती. मांडीवर पांढरा शर्ट, त्यात सुई तशीच टोचलेली, दोरा लोंबत होता. एक हात दाजींच्या हातात. ती रडत नव्हती. माझ्याकडे बघून, शाळेतून आलेल्या पोरीने सांगावं तशी म्हणाली, "दौंडच्या वन्सं भायेरनं हाक मारीत हुत्या, कोण मोठं पावणं आलंय म्हणून. म्या उठले न्हाई." मग पुन्हा म्हणाली, "शशे, म्या उठले न्हाई."

लहान केलेल्या कॉलरखालचं बटण शिवायचं राहिलं होतं. पाळकसाहेब आले, लोक जमले, कुणीतरी घाई करायला लागलं. अक्काने सुई उचलली आणि सगळ्यांसमोर, सावकाश, ते बटण लावलं. दोरा दोनदा गुंडाळून गाठ मारली, दाताने तोडला. पाळकसाहेब बायबल मिटून थांबून राहिले. शर्ट दाजींना अगदी बेताचा बसला.

तेव्हापासून अक्काची एक रीत झाली आहे. पंचक्रोशीत कुणाला घरी आणलं असं कळलं की ती जाते. मंडळीतलं घर असो की नसो. आजाऱ्याकडे जात नाही, मागच्या दाराने सरळ स्वयंपाकघरात शिरते. लोकांना आधी विचित्र वाटायचं. आता बोलावून नेतात.

ट्रॅक्टर अखेर पुलाच्या पलीकडे कडेला झाला आणि एसटी सुटली. चौफुल्याला उतरून मी रिक्षा केली. खुटबावला पोचले तेव्हा मंगलवहिनींच्या वट्यावर चपलांचा ढीग, आणि कुणीतरी आत वाकून विचारत होतं, "वळखलं का मला?" मी मागच्या दाराने गेले. गॅसपाशी मंगलवहिनी उभ्या होत्या, पदर खोचलेला, हातात सांडशी. त्यांच्या मागे अक्का.

"द्या ती सांडशी," अक्का म्हणाली. "चहा मी टाकते. तुम्ही बसा जावा त्यांच्यापाशी."

"टाकू द्या मला, अक्का. पावणं हायेत." वहिनींनी मागे वळून बघितलं नाही. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "बसले की ते इचारत्यात."

वहिनींच्या हातातली सांडशी अक्काने काढून घेतली, खोचलेला पदर सोडवून त्यांच्या दोन्ही खांद्यांवर नीट घेतला आणि त्यांना दारापर्यंत चालवत नेलं. मी माझं पातेलं शेगडीवर ठेवलं. बाहेर जाऊन पाहुण्यांना वट्यावर बसवलं आणि परत आले. आतून मालकांचा बारीक आवाज आला. काहीतरी विचारत होते. अक्काने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि मला म्हणाली, "गूळ आत्ताच टाकू नको."